स्मुर्णाचे संत पॉलिकार्प : नाव कसे टिकले आणि ते तपासून कसे सांगावे

प्रश्न असा आहे : 23 फेब्रुवारीला मंडळीत संत पॉलिकार्प यांच्यावर अर्धा तास बोलायचे आहे. कबुतराची गोष्ट, 86 वर्षांचे वाक्य, योहानाचे शिष्य असल्याची माहिती असे बरेच काही वाचायला मिळते. यातले काय धरून चालावे? आणि एका शहराच्या बिशपांचे नाव इतकी शतके टिकले तरी कसे?

दुसरा प्रश्न आधी घेऊ. त्याचे उत्तर कळले की पहिल्याचे अर्धे काम होऊन जाते.

पॉलिकार्प यांचे नाव टिकले, कारण स्मुर्णाच्या मंडळीने ते टिकवण्याचे काम हाती घेतले. स्मुर्णा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझमिर. प्रकटीकरणातल्या सात मंडळ्यांपैकी ही एक, म्हणून नाव आपल्या कानावरचे आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्याला तिथल्या वृद्ध बिशपांना स्टेडियममध्ये जाळून मारले. त्यानंतर मंडळीने घडलेले सगळे पत्ररूपाने लिहून काढले, अस्थी गोळा करून योग्य जागी ठेवल्या, दरवर्षी त्या दिवशी जमायचे ठरवले आणि पत्र फिलोमेलियम गावच्या मंडळीला धाडले. पत्राच्या मथळ्यातच ते 'सर्व ठिकाणच्या' मंडळ्यांनाही उद्देशून आहे, आणि विसाव्या प्रकरणात साफ सांगितले आहे की तुमचे वाचून झाले की पुढच्या बांधवांकडे पाठवा. लिहिणाऱ्याचे नाव एवारेस्तस, तेही तिथेच आहे. बायबलच्या बाहेर एखाद्या ख्रिस्ती हुतात्म्याच्या मरणाची इतकी सविस्तर आणि इतकी जुनी हकीकत दुसरी सहसा दाखवता येत नाही.

हे पत्र कधीचे, यावर वाद आहे. अठराव्या प्रकरणात वार्षिक स्मरणाबद्दल 'प्रभू आम्हांला साजरा करू देईल' असे भविष्यकाळात म्हटले आहे, म्हणून पहिले वर्ष भरण्याआधीच ते लिहिले गेले असे बहुतेक जण मानतात. काही अभ्यासक ते तिसऱ्या शतकापर्यंत पुढे ढकलतात. भाषणात 'घटनेनंतर लवकरच लिहिलेले, असे बहुतेकांचे मत' एवढे म्हणावे, बरोबर ठरेल.

या अठराव्या प्रकरणावर थोडे थांबा. मरणाच्या दिवसाला तिथे 'जन्मदिवस' म्हटले आहे. हुतात्म्याच्या मृत्यूच्या तारखेला त्याच्या अस्थींजवळ जमून स्मरण करायचे, या प्रथेचा हा सगळ्यात जुना लेखी पुरावा समजला जातो. पुण्यतिथी पाळणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 'जन्मदिवस' हा शब्द मात्र समजावून सांगा, नाहीतर ऐकणाऱ्याला तो खरोखर जन्माचा दिवस वाटतो.

प्रथा नुसती कागदावर राहिली नाही, याला जोरदार पुरावा आहे. सम्राट डेशियसच्या छळात, 250 साली, स्मुर्णाचेच एक प्रेस्बितर (मंडळीतले वडील) पायोनियस यांना पकडले. त्यांच्या हौतात्म्याची हकीकत सांगते की अटक झाली तो पॉलिकार्प यांच्या स्मरणाचा दिवस होता. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनंतरही त्या शहरात तारीख चालू होती. भाषणात एकच पुरावा द्यायला वेळ असेल तर हा द्या.

आता काय धरायचे ते पाहू. साधने चार, आणि त्यांचे वजन सारखे नाही.

पहिले, पॉलिकार्प यांचे स्वतःचे फिलिप्पैकरांस पत्र. ते 14 प्रकरणांचे आहे, पण अखंड ग्रीक मजकूर आज नाही. उपलब्ध सगळ्या ग्रीक पोथ्यांत नवव्या प्रकरणात, वाक्य पुरे व्हायच्या आतच, मजकूर तुटतो आणि कसलीही खूण न करता बर्णबाच्या नावावरचे पत्र पाचव्या प्रकरणाच्या मधून सुरू होते. कधीतरी एका मूळ पोथीची पाने गळाली, नक्कल करणाऱ्याच्या ते लक्षात आले नाही, आणि त्या एकाच पोथीपासून बाकीच्या साऱ्या उतरल्या. पुढची प्रकरणे लॅटिन भाषांतरातून मिळतात. तेरावे तेवढे बहुतांश ग्रीकमध्ये वाचले, कारण इतिहासकार युसेबियसने ते उतरवून घेतले होते. मराठी किंवा इंग्रजी भाषांतर वाचताना दहाव्या प्रकरणापासून भाषा थोडी बदललेली वाटली तर कारण हे आहे.

ते तेरावे प्रकरण मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटते. अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांना रोमला मारायला नेत असताना वाटेत स्मुर्णात मुक्काम पडला. तिथून त्यांनी चार पत्रे लिहिली आणि पुढे त्रोवसहून तीन. त्यांतले एक थेट पॉलिकार्प यांनाच, ज्यात 'घणाखालच्या ऐरणीसारखा घट्ट उभा राहा' असा उपदेश आहे. नंतर फिलिप्पैकरांनी इग्नेशियस यांची पत्रे मागवली, आणि पॉलिकार्प कळवतात की आमच्याकडे आलेली आणि इतर जी आहेत ती सगळी या पत्राला जोडून पाठवली आहेत. दुसऱ्याचे शब्द जपून, नक्कल करून, मागेल त्याला पोचवणे हे काम ते स्वतः करत होते. त्यांच्या मंडळीने पुढे त्यांच्यासाठी तेच केले. ही सवय त्यांच्याकडूनच लागली असणार, असे माझे मत.

त्याच पत्रात फिलिप्पैच्या वॅलेन्स नावाच्या प्रेस्बितरचा विषय आहे. पैशाच्या लोभात तो आणि त्याची बायको घसरली. पॉलिकार्प लिहितात की त्यांना शत्रू मानू नका, आजारी आणि भरकटलेल्या अवयवासारखे परत आणा. मंडळी चालवणाऱ्या माणसाचा आवाज ऐकायचा असेल तर तो अकराव्या प्रकरणात आहे. हुतात्म्याच्या गोष्टीच्या भरात हा भाग नेहमी गळतो, गाळू नका.

दुसरे साधन इरेनियस. ते पुढे गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, लियाँचे बिशप झाले, पण लहानपणी स्मुर्णात त्यांनी पॉलिकार्प यांना ऐकले होते. फ्लोरिनस नावाच्या जुन्या ओळखीच्या माणसाला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की हल्लीच्या गोष्टींपेक्षा त्या दिवसांतल्या मला जास्त आठवतात : पॉलिकार्प कुठे बसून बोलत, कसे येत-जात, दिसायला कसे होते, योहान आणि प्रभूला पाहिलेल्या इतरांबद्दल काय सांगत. हे मूळ पत्र हरवले, उतारा युसेबियसच्या मंडळीच्या इतिहासाच्या पाचव्या पुस्तकात राहिला.

'योहानाचे शिष्य' हा दावा इथूनच येतो. इरेनियस यांच्या मनात प्रेषित योहान आहेत. पण दुसऱ्या शतकात रोमच्या आशिया प्रांतात (आजचा पश्चिम तुर्कस्तान) 'वडील योहान' म्हणून आणखी एका व्यक्तीचा उल्लेख मिळतो, आणि पॉलिकार्प यांच्या स्वतःच्या पत्रात योहानाचे नाव कुठेच नाही; तिथे पौलाचे नाव आहे आणि पेत्राच्या पहिल्या पत्राचे पडसाद भरपूर आहेत. फक्त सातव्या प्रकरणात येशू देहाने आला हे न कबूल करणारा ख्रिस्तविरोधी, असे योहानाच्या पहिल्या पत्राशी जुळणारे वाक्य येते. म्हणून 'इरेनियस यांच्या आठवणीप्रमाणे योहानाकडून शिकलेले' असे म्हणा. परंपरा सोडायची गरज नाही, तिचा साक्षीदार कोण ते सांगायची गरज आहे.

तिसरे साधन हौतात्म्याचे पत्र. यातला तपशील इतका जवळचा आहे की तो जसाच्या तसा सांगावा. शहराबाहेरच्या शेतघरात पॉलिकार्प थांबले होते. दोन गुलाम मुलांना पकडून एकाचा छळ केला, त्याने जागा दाखवली. शिपाई रात्री पोचले तेव्हा म्हातारा पळाला नाही; खाली उतरला, त्यांना हवे तितके खायला-प्यायला द्यायला सांगितले आणि प्रार्थनेसाठी एक तास मागितला. प्रार्थना दोन तास चालली. मग गाढवावर बसवून शहराकडे. वाटेत हेरोद नावाचा शांतता-अधिकारी आणि त्याचा बाप निकेतेस यांनी आपल्या गाडीत घेऊन समजावले : 'कैसर प्रभू' म्हणायला आणि धूप घालायला काय हरकत? ऐकेनात तेव्हा घाईत उतरवले, आणि उतरताना नडगी खरचटली. गोष्ट रचणारा माणूस सहसा नडगी आणत नाही.

स्टेडियममध्ये रोमन सुभेदाराने सांगितले, 'नास्तिकांचा नाश असो, असे म्हण.' देवांना न मानणारे म्हणून ख्रिस्ती लोकांनाच तेव्हा नास्तिक म्हणत. पॉलिकार्प यांनी गर्दीकडे पाहिले, हात हलवला, उसासा टाकून वर पाहिले आणि तेच शब्द उच्चारले, पण गर्दीला उद्देशून. हा हात हलवणे सांगितल्याशिवाय ते वाक्य समजत नाही. मग ख्रिस्ताची निंदा कर म्हटल्यावर ते प्रसिद्ध उत्तर : 86 वर्षे मी त्याची सेवा करतो आहे, त्याने माझे काही वाईट केले नाही, मला तारणाऱ्या माझ्या राजाची निंदा मी कशी करू?

86 हा आकडा वयाचा की बाप्तिस्म्यापासूनच्या वर्षांचा, हे वाक्यावरून ठरत नाही. वय धरले आणि मृत्यू 155 धरला तर जन्म 69च्या सुमारास पडतो. बहुतेक पुस्तकांतला जन्माचा सन या वजाबाकीतून आलेला आहे, नोंदीतून नाही. तेव्हा 'सुमारास' हा शब्द सोडू नका.

आता कबुतर. पत्र सांगते की ज्वाळा वाऱ्याने फुगलेल्या शिडासारख्या त्यांच्याभोवती कमान करून उभ्या राहिल्या, आत देह भाजल्या जाणाऱ्या भाकरीसारखा किंवा भट्टीतल्या सोन्या-चांदीसारखा दिसत होता, आणि धूपासारखा सुगंध आला. देह जळेना तेव्हा जखमी जनावरांना संपवणाऱ्या माणसाला बोलावून खंजीर चालवला. इथे सोळाव्या प्रकरणात ग्रीक पोथ्यांमध्ये 'कबुतर आणि रक्ताचा लोट' बाहेर आला आणि आग विझली असे आहे. पण युसेबियसने आपल्या इतिहासाच्या चौथ्या पुस्तकात हेच पत्र उतरवले, त्यात कबुतर नाही. फक्त रक्त आहे. युसेबियसचा मजकूर आपल्या पोथ्यांपेक्षा कितीतरी शतके जुना. एक तर्क असा की मूळ 'पेरी स्टुराका', म्हणजे शस्त्राच्या दांड्याभोवती, असे होते आणि नक्कल करताना ते 'पेरिस्तेरा काइ', म्हणजे कबुतर आणि, असे वाचले गेले. दुसरा तर्क, नंतर कुणी भक्तीने घातलेले क्षेपक. दोन्हींत निष्कर्ष एकच : कबुतर मूळ पत्रात असण्याची शक्यता कमी. चित्रांत ते येते म्हणून मुलांना सांगायचे असेल तर 'काही पोथ्यांत असे आहे' म्हणून सांगा. ज्वाळांचे आणि सोन्या-चांदीचे वर्णन मात्र दोन्हीकडे आहे.

चौथे साधन टाळायचे आहे. पायोनियस यांच्या नावावर 'पॉलिकार्प चरित्र' म्हणून एक ग्रीक रचना आहे. त्यात बालपण, चमत्कार, बिशप म्हणून निवड असे सगळे भरभरून मिळते, आणि इरेनियस यांनी सांगितलेल्या योहानाचा त्यात पत्ताच नाही. ही बरीच नंतरची रचना समजतात. लहानपणच्या गोष्टी कुठे वाचल्या तर त्या बहुधा इथल्या असतात. भाषणात घेऊ नका.

तारखेबद्दल हमखास विचारतात, म्हणून हिशेब हाताशी ठेवा. हौतात्म्याच्या पत्राचे एकविसावे प्रकरण म्हणते : क्सांथिकस महिन्याचा दुसरा दिवस, मार्चच्या कॅलेंड्सआधी (कॅलेंड्स म्हणजे महिन्याचा पहिला दिवस) सातवा दिवस, मोठा शब्बाथ, आठवा तास. रोमन लोक मागे मोजताना दोन्ही टोके धरत. 1 मार्च हा पहिला, 28 फेब्रुवारी दुसरा, असे मोजत गेले की सातवा येतो 23 फेब्रुवारी. इथे दर वेळी चूक होते. आपल्या सवयीने सात वजा केले की 22 येते. आशियाच्या पंचांगात क्सांथिकस 22 फेब्रुवारीला सुरू होई, म्हणून त्याचा दुसरा दिवसही 23. आठवा तास सूर्योदयापासून, म्हणजे दुपारी दोनच्या आसपास.

साल ठरवायला शब्बाथ, म्हणजे शनिवार, उपयोगी पडतो. जुन्या रोमन पंचांगाने 155 साली 23 फेब्रुवारीला शनिवार येतो. 156 साली शनिवार 22ला पडतो, एक दिवस हलतो. 166 साली पुन्हा 23ला शनिवार. 167 साली मात्र 23ला रविवार. आता यात माणसे बसवा. सुभेदार स्टेशियस क्वाड्रेटस हा 142 साली रोमचा कॉन्सल (वर्षभरासाठी नेमलेला सर्वोच्च अधिकारी) होता, आणि कॉन्सल झालेल्याला आशियाची सुभेदारी साधारण तेरा-पंधरा वर्षांनी मिळे. हे 155-156 कडे झुकते. उलट युसेबियस ही घटना मार्कस ऑरेलियसच्या राज्यात, म्हणजे 161 नंतर, ठेवतो. पण तोच युसेबियस 250च्या पायोनियस यांनाही पॉलिकार्प यांच्याच काळात घालतो, तेव्हा इथे त्याच्या कालगणनेवर भार टाकता येत नाही. 155च्या बाजूनेही एक अडचण आहे : पॉलिकार्प रोमला गेले तेव्हा तिथे बिशप अनिकेतस होते, आणि त्यांची कारकीर्द साधारण 155 च्या सुमारास सुरू झाली असे धरतात. फेब्रुवारी 155 ला मृत्यू असेल तर हा प्रवास फार घाईचा होतो. म्हणून '155 किंवा 156, काहींच्या मते 160 नंतर' हे प्रामाणिक उत्तर. दिवस पक्का, साल नाही.

तुमच्याकडे जुनी प्रार्थनापुस्तके असतील तर सण 26 जानेवारीला छापलेला दिसेल. ती चूक नव्हे. रोमन पंचांगात तो बराच काळ 26 जानेवारीला होता. 1969च्या सुधारणेत 23 फेब्रुवारीला आणला. पूर्वेकडच्या मंडळ्या 23 फेब्रुवारीच पाळत आल्या.

रोमच्या भेटीचा मुद्दा छोटा आहे, पण कीर्ती कशी कामी येते ते त्यातून दिसते. आशियाच्या मंडळ्या पुनरुत्थानाचा सण यहुदी पंचांगातल्या नीसान महिन्याच्या 14 तारखेला, वार कोणताही असो, पाळत, रोम रविवारी. पॉलिकार्प आणि अनिकेतस यांचे एकमत झाले नाही, तरी अनिकेतस यांनी मान म्हणून पॉलिकार्प यांना प्रभुभोजनाचा विधी करू दिला आणि दोघे शांततेत निरोप घेऊन निघाले. पुढे 190च्या सुमारास रोमच्या व्हिक्टर यांनी आशियाच्या मंडळ्यांशी संबंध तोडायला घेतले. तेव्हा इफिसचे पॉलिक्रेटीस यांनी आपल्या बाजूचे साक्षीदार म्हणून जी नावे दिली त्यांत पॉलिकार्प होते, आणि इरेनियस यांनी व्हिक्टर यांना हीच जुनी भेट आठवून दिली. मरणानंतर पस्तीसेक वर्षांनी ते नाव भांडण मिटवायला वापरले जात होते.

एका जागी खरोखर काळजी घ्या. हौतात्म्याच्या पत्राच्या तेराव्या, सतराव्या आणि अठराव्या प्रकरणांत स्मुर्णाच्या यहुदी लोकांवर आरोप आहेत. ते 'सवयीप्रमाणे' उत्साहाने लाकडे गोळा करत होते, असे वाक्य आहे. पत्र लिहिणाऱ्याने ही हकीकत शुभवर्तमानातल्या दुःखसहनाशी मुद्दाम जुळवत नेली आहे : गाढव, हेरोद नावाचा अधिकारी, घरातल्याकडून विश्वासघात. पहिल्याच प्रकरणात तसे सुचवलेही आहे. त्या जुळवणीत हा आरोपही येतो. शिवाय मोठ्या शब्बाथाला लाकडे वाहणारे यहुदी ही गोष्ट त्यांच्याच नियमशास्त्रात बसत नाही. असली वाक्ये पुढच्या शतकांत यहुदी लोकांविरुद्ध वापरली गेली. जाहीर वाचनात ती घेऊ नका. कुणी विचारले तर वरचे कारण सांगा.

अस्थींचा भाग मात्र पूर्ण वाचा. अधिकाऱ्यांना भीती होती की हे लोक वधस्तंभावरच्याला सोडून याची पूजा करतील. सतरावे प्रकरण उत्तर देते : देवाचा पुत्र म्हणून आम्ही ख्रिस्ताची आराधना करतो, आणि हुतात्म्यांवर प्रभूचे शिष्य म्हणून प्रेम करतो. संतांचा आदर आणि देवाची आराधना यांतला फरक विचारणाऱ्याला दाखवायला याहून जुने आणि स्वच्छ वाक्य मिळणे कठीण. त्यापुढे येते की आम्ही हाडे उचलली, रत्नांहून मोलाची आणि सोन्याहून शुद्ध.

अर्ध्या तासाचे माप असे ठेवा. स्मुर्णा, इग्नेशियस आणि फिलिप्पैकरांस पत्र यांना आठ मिनिटे. इरेनियस यांची आठवण तीन. अटकेपासून आगीपर्यंत बारा, शक्यतो पत्रातलेच शब्द वाचून. उरलेला वेळ अस्थी, तारीख आणि स्मरणाची प्रथा. चौदाव्या प्रकरणातली खांबाला बांधल्यावरची प्रार्थना मध्येच तोडू नका, एका दमात वाचा.

शेवटी पत्राची पुष्पिका दाखवा. बाविसाव्या प्रकरणात नक्कल करणाऱ्यांची साखळी आहे : इरेनियस यांच्या कागदांवरून गायसने उतरवले, गायसच्या प्रतीवरून सॉक्रेटीस नावाच्या एकाने करिंथमध्ये, आणि मग पायोनियस म्हणवणाऱ्या एकाने, काळाने जवळजवळ झिजून गेलेली पाने शोधून गोळा करून. मॉस्कोच्या पोथीत हा भाग वेगळा आणि लांब आहे, पण साखळी तीच.

आणि एकोणिसाव्या प्रकरणातले एक वाक्य. फिलदेल्फियाहून आलेल्यांसह पॉलिकार्प हे स्मुर्णातले बारावे हुतात्मा, पण सगळ्यांच्या आठवणीत तेच जास्त राहिले, असे मंडळी स्वतःच लिहिते. आधीच्या अकरांपैकी पत्रात एकच नाव आहे, जर्मानिकस. तरुण होता, सुभेदाराने वयाची कीव कर म्हटले तेव्हा त्याने जनावराला स्वतःच अंगावर ओढून घेतले. प्रार्थनेत पॉलिकार्प यांच्या जोडीला त्याचेही नाव घ्या.